डझनभर शर्टांना लागलेला खरा वेळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा पूर्ण वाकलो असं समजून घे). घरी बसून शर्टांना बटणं लावणाऱ्या तमाम भगिनींनो, असं लिहायला निघालो होतो. हात सभेला सोकावलाय. पण बहीण एक असो की हजार, गाऱ्हाणं एकच. शर्ट शिवणाऱ्याला किमान वेतन, आणि त्याच शर्टाची बटणं घरी लावणारीला डझनामागे चिल्लर. तुझे डोळे कसे आहेत? भाऊजींचा खोकला?

आता ऐक, जिंकलो. किमान वेतन वाढलं आणि घरी काम करणाऱ्यांनाही लागू झालं.

वेतन समितीपुढे शेवटची सुनावणी होती. माझं एकेचाळीस पानी भाषण तयार होतं (सुरुवात रोमच्या गुलामांपासून). मी दुसऱ्या पानावर असताना मालकांचा वकील उठून म्हणाला, बाई तासाभरात डझन शर्ट उरकते, म्हणजे आहे त्या दरातही तिला किमान वेतनाहून जास्तच पडतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, मग इथेच करून दाखवा. अशा वेळी शहाण्या माणसाने सगळ्यात संथ बाई पुढे करावी. पण आपल्याकडे मानाचं काम सगळ्यात चपळ हातालाच द्यायची रीत, म्हणून आम्ही आमच्या संघटनेतल्या मावशींना बसवलं. जरा दमानं घ्या, असं सगळ्यांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं. "दमानं लावलं की गाठ सैल पडते," म्हणाल्या आणि बावन्न मिनिटांत डझन हातावेगळं केलं.

वकील टाय सारखा करू लागला. आमच्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. मी गप्प राहिलो (वक्त्याला मौनाचं मोल कळलं पाहिजे).

"कुठे निघालात, वकीलसाहेब? बसा," मावशी म्हणाल्या. "बटणं झाली. काम कुठे झालं?"

मग त्यांनी धाग्यांची टोकं कातरली, एकेक बटण ओढून पाहिलं, शर्टांच्या घड्या घातल्या, गठ्ठा बांधला, डोक्यावर घेतला आणि चालू लागल्या. अध्यक्षबाईंनी कारकुनाला घड्याळ देऊन मागे पिटाळलं. अख्खी समिती ताटकळत बसली. मावशी कारखान्यात गठ्ठा देऊन नवा घेऊन परतल्या, तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती.

"ओझं वाहणं कामात धरता येत नाही," वकील म्हणाला.

"मग उद्यापासून तुम्ही आणून टाकत जा."

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे दोन तास दहा मिनिटं लिहून घेतली. त्यावरच नवा दर ठरला. टाळ्या जिन्यापर्यंत ऐकू गेल्या म्हणतात.

तुझा,
धाकटा

ता. क. मौनाबद्दल खरं सांगतो. समितीने मलाही एका शर्टाची बटणं लावायला दिली होती. तिसरं बटण लावताना माझी बाही टेबलाच्या कापडाला शिवली गेली. उठलो असतो तर दौती आणि पाण्याचे पेले माझ्याबरोबर भाषणाला उभे राहिले असते. मावशींनी शेवटी कात्रीने सोडवलं. म्हणाल्या, "बरं झालं अडकलात, नाहीतर बोलला असतात."

आणखी एक. नवा दर फक्त नाव नोंदवलेल्यांना आहे. तुझ्या गल्लीतल्या नऊ जणींनी नोंदवलं. तू म्हणे, "मी आपली फावल्या वेळात करते." रोजचे सहा तास म्हणजे कसला गं फावला वेळ? अर्ज सोबत आहे. 'कामाचं ठिकाण' या रकान्यात घराचा पत्ता लिही, खाली सही कर आणि शनिवारच्या आत नोंदणी कार्यालयात स्वतः नेऊन दे.