फलकावरचं नाव

ता. ४ जून

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. परवा फोनवर मी नुसतं हं हं करत होते म्हणून रुसू नकोस. या क्वार्टरची मधली भिंत म्हणजे रंग दिलेला पुठ्ठा. तुझ्या बापाला माझी जांभईसुद्धा ऐकू जाते. म्हणून अक्षरं जुळवत बसले आहे. चुका काढू नकोस, चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच मिळतं.

इंजिन खात्यातल्या अर्ध्या मशिनींवर ताडपत्री पडली. विजेच्या गाडीला इंजिन लागत नाही म्हणे. तुझा बाप उरलेल्या मशिनी पुसून घरी येतो. दोन वर्षांनी तो रिटायर झाला की क्वार्टर सोडावी लागणार. आजोबांनी माझ्या नावे ठेवलेले कंपनीचे शेअर विकून एक खोली घ्यायची, असं आपलं ठरलेलं. भाव रोज खाली जातो, हे मलाही कळतं. पण विषय काढला की तो म्हणतो, राहू दे.

त्याचंही खरं आहे. कॅन्टीनच्या फलकावर शेअर धरून ठेवलेल्या घरांची यादी लागते. विकलं की फोरमन त्या नावावर लाल पेन्सिल ओढतो, आणि माणसं कमी करायची वेळ आली की आधी लाल नावं. विकावं तर नोकरी जाते, ठेवावं तर खोली. तू एवढी शिकलीस, तूच सांग.

कळावे. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.
तुझी आजी


ता. ११ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. आजी, विक. बाबांचा पगार आणि तुझे शेअर एकाच इंजिनाला बांधलेत. ते बंद पडलं की दोन्ही गेलं. मी दिवसभर त्याच विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासते, इथे किती माल बाहेर पडतो ते डोळ्यांनी बघते.

बाबांना विचारत बसू नकोस. गाडी गुरगुरली नाही तर ती चालते, हेच त्यांना पटत नाही. त्या कंपनीने कामगारांच्या मुलींना शिष्यवृत्ती दिली म्हणून मी शिकले, ते मी विसरलेले नाही. पण उपकार फेडायला तू बेघर व्हावंस असं थोडंच आहे? इकडे ये म्हणावं तर एका खोलीत आम्ही तिघी, कुशीवर वळायचं तरी एकमेकींना विचारून.

सोबत अर्ज आहे. सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे.

तब्येत सांभाळ, आणि माझ्यावर रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी भिंगरी


ता. २५ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

चष्म्याच्या काचा बदलून आणते असं तुझ्या बापाला सांगितलं आणि अर्ज घेऊन शेअरच्या कारकुनाकडे गेले. तो म्हणाला, आजी, तुमच्या नावावर एकच शेअर आहे. मी म्हटलं, थट्टा करायला मी तुझी आजी लागत नाही. मग त्याने चार वर्षांपूर्वीचा कागद काढला. खाली माझी सही, कोंबडीने पाय ओढल्यासारखी, दुसऱ्या कुणाला जमायची नाही. शेजारी पेन्सिलीची फुली. बापलेकीची फुलीसुद्धा सारखीच. तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, कंपनीचा कागद आहे, सही कर. मी केली. त्याने सगळे विकले आणि एक ठेवला, कारण फलकावर नाव लागतं, आकडा लागत नाही.

तारीख पाहिली. तुझी पहिली फी भरली, त्याच्या आदल्या आठवड्याची. कारकुनाला शिष्यवृत्तीचं विचारलं. तो म्हणाला, अशी योजना इथे कधीच नव्हती.

तेव्हा भाव चढा होता. म्हणजे तू आत्ता दिलेला सल्ला त्या मठ्ठाने चार वर्षं आधीच ऐकला. आणि रोज जाऊन इंजिनं पुसतो. फोरमन नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगतो म्हणे, निष्ठा शिका. याने मान खाली घालून ऐकायचं. तोंड उघडलं तर लाल पेन्सिल.

घरी आले तर त्याने विचारलं, काचा मिळाल्या का. मी म्हटलं, दुकान बंद होतं. त्याने ताट वाढून घेतलं, मी पाणी दिलं. आता या दोन खोल्यांत दोन गुपितं राहतात, आणि भिंत तीच पुठ्ठ्याची. तूही त्याला आभारबिभार मानायला जाऊ नकोस. त्याला लपवायला तेवढंच उरलं आहे.

अर्ज फाडला. तो एक शेअर फुकट गेला तरी विकायचा नाही. तू हे पत्र फाड.

कळावे. लोभ होता तिथेच आहे, जागा तेवढी गेली.
आजी

ता. क. तुझी खोली टेपने मोजून कळव. त्या दोघींची लग्नं कधी आहेत तेही विचार. खाट एकच मावली तरी चालेल. तुझ्या बापाला रात्रपाळीची सवय आहे, तो दिवसा झोपेल.