सॅमसनचा एक फोटो

दौंड, रविवार, संध्याकाळ

सॅमसनला आज पुरलं. काल यवतजवळ गाडीनं उडवलं त्याला. अजून खरं वाटत नाही.

सकाळी त्याच्या आईचा, मावशींचा, फोन आला. "पेटीपाशी ठिवायला त्याचा चांगला फोटू दे गं. तुझ्याबिगर कुणाकडं असणार?" बरोबरच होतं. पुण्यात तो रॉक बँडमध्ये गायला लागला तेव्हापासून स्टेजखाली कॅमेरा घेऊन मीच उभी असायचे. माझं नाव झालं तेही त्याच्याच फोटोंवर.

लॅपटॉप घेऊन गेले. मावशी शेजारी बसून एकेक फोटो बघत होत्या. एकात केस तोंडावर, एकात माईकनं निम्मा चेहरा झाकलेला. आणि डोळे सगळीकडे मिटलेले. गाताना तो डोळे मिटायचाच. मला तेच आवडायचं, मासिकांनीही तेच छापलं.

"डोळं उघडं असल्याला एक बी न्हाई व्हय गं?" मावशी म्हणाल्या. "पेटीत बी मिटल्यालंच हायेत."

मी शोधत राहिले. नव्हताच. गाणं संपलं की तो पाणी प्यायचा, माझ्याकडे बघून हसायचा. तेव्हा माझा कॅमेरा खाली असायचा. मग इतकी वर्षं मी टिपलं काय?

शेवटी त्याच्या भावानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. धुरकट, पण समोर बघणारा. तोच हार घालून ठेवला.

कबरस्तानातून परत आल्यावर मी निघाले, तर मावशींनी हात धरला. "पोरी, दोन घास खाऊन जा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.