नारळ लवूच्या नावाचा

पूर्णगड, ता. ११ मार्च १९३४
आज पोचलो. रत्नागिरीस आगबोटीतून उतरलो, पुढं पायी नि होडीनं. खाडीवर वारा काय मस्त! आमचा गाव वर लांज्याकडं, पण हा किनारा कधी पाहिला नव्हता. मी मराठी तिसरी शिकलेला, तरी मुंबईहून निघताना शेठनी ही वही दिली. म्हणाले, केरू, रोज काय बघशील ते लिही.

इथल्या यमुनाबाईंची मोटारबोट नऊ वर्षं खाडीकाठच्या खोपीत पडून आहे. शेठना घ्यायचीय. तपासायला यायचा होता लवू. शेठच्या बोटींच्या कारखान्यात माझ्याच शेजारी बसतो, पण त्यांचा लाडका. त्याला ताप आला म्हणून मला धाडला. वर सांगितलं, तू नुसतं बघून ये, चालवायला लवू आहे. बोटीवर डायवर होण्यासाठी तीन वर्षं मरतोय मी!

यमुनाबाईंना शेठचं पहिलं पत्र गेलेलं, लवू येतोय म्हणून; पोस्टमननं वाचून दाखवलेलं. मला बघून म्हणाल्या, ये रे लवूशेट, मुंबैत उपाशी ठेवतात काय तुला, वाऱ्यानं उडशील की! शेट म्हणून आजवर कुणी हाक मारली नव्हती. मी ओ दिली.

ता. १२
पडून राहिलेल्या बोटीला हात लावण्याआधी इथं तिच्या पुढच्या टोकावर नारळ फोडतात नि चालवणाऱ्याचं नाव तिला सांगतात. मग इंजिनाला हात त्याचाच. यमुनाबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी एकदा दुसराच माणूस बसवला. सांजेला बोट एकटीच परत आली, इंजिन चालू. मला हसू आलं. त्यांनी विचारलं, लवूच ना रे तू? हो म्हटलं. नारळ मीच फोडला, नाव त्याचं घेतलं. खोबरं गोड निघालं.

सागवान उत्तम, पेचकस टोचून बघितला, कुठं कुजकं नाही. पण सुकून फळ्यांचे सांधे उघडलेत, आरपार उजेड दिसतो. कापूस नि राळ भरल्याशिवाय पाण्यात घालता यायची नाही. इंजिन गंजून घट्ट. त्याचं मोठं चाक घासून घासून चांदीसारखं केलं. लवूनं करून दाखवावं असं!

ता. १३
चाकावर गंज. सगळीकडं नाही. एक पंजाच. करंगळी वाकडी, म्हणजे माझाच. बाकी चाक लख्ख.

घामाचं मीठ असेल. शेठ चारचौघांत म्हणतात, लवूचा हात कोरडा, केरूचा हात लोखंड खातो. सगळे हसतात. लवूही हसतो.

पुन्हा घासलं, हाताला फडकं बांधून.

ता. १४
फडकं बांधूनही पंजे. आता सात. बोटानं खरवडलं तर पापुद्रे निघतात.

भर दुपारी इंजिनाचं हँडल आपोआप अर्धा फेरा फिरलं. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. यमुनाबाईंना सांगितलं तर माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या. परत विचारलं, लवूच ना रे तू?

हो म्हटलं.

ता. १५
तळहात गंजासारखे लाल झालेत. राख, साबण, काही चालत नाही.

तार आली, इंग्रजीत. पोस्टमननं बाहेरच मला अर्थ सांगितला. लवू बरा झाला, उद्या दुपारी पोचतो. यमुनाबाईंना वाचता येत नाही. शेठची खुशाली म्हणून सांगितलं.

इंजिन गरम लागतंय. सगळं मी केलं. घासलं मी, तेल घातलं मी — आणि तो येऊन नुसता बसणार —

ता. १६, दुपार
अमावास्येचं उधाण. पाणी खोपीत शिरलंय. पलीकडून होडी येतेय, तीत लवू. मी हात लावला नव्हता — त्याला बघून इंजिन चालू झालं. त्याच्यासाठी!

उडी मारून बसलो. बोट सरकली. वही मांडीवर — शेठना कळू दे कुणी चालवली.

सांधे उघडे, तरी पाणी आत येत नाही. मला लवू समजतेय. बरं आहे. लवू तर लवू —

त्यानं बघितलं मला. होडीतून हाका मारतोय. केरू, उतर, बुडशील, केरू — गप रे — नाव घेऊ नको — बोट ऐकतेय —

इंजिन थांबलं. चाकावर पंजेच पंजे. एकेका सांध्यातून पाणी —

केरू कोण? मी नाही. बाय, नारळ मी फोडला, मीच लवू, मीच ल