नमुना कार्ड आणि आखूड टॉवेल

अप्पा, परवा एका कारखान्यात मी तिथल्या मुलींना संगणकात मालाची माहिती भरायला शिकवत होते. एकदा टेम्प्लेट करायचं, प्रत्येक नव्या मालाला तेच वापरायचं, वेगळं असेल तेवढंच बदलायचं. शिकवता शिकवता आपल्या मागांच्या कारखान्याची भवानी पेठेतली कचेरी आठवली आणि घरी येऊन लिहायला बसले.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. मी बी.कॉम. होऊन तुमच्या हाताखाली आलेली. प्रत्येक नव्या चादरीचं, टॉवेलचं विणकरांना द्यायचं कार्ड आपले कारकून पहिल्यापासून हातानं लिहीत; लांबी, रुंदी, सुताचा नंबर, काठ, रंग. एकदा टॉवेलच्या कार्डावर चादरीची रुंदी पडली, तेव्हा मी चादरीचं एक आणि टॉवेलचं एक अशी नमुना कार्डं सायक्लोस्टाइल करून आणली. तुम्ही चष्मा वर सारून म्हणालात, "हरेक माल येगळा असतोय की. त्याला साच्यात कशाला कोंबतीस?"

"येगळं तेवढंच लिहायचं, अप्पा. सारखं ते आधीच छापलेलं."

काम भराभर होऊ लागलं. मग व्यापाऱ्यांनी टॉवेल चार बोटं जास्त लांब मागितला. मी नमुन्यावरची लांबी बदलली आणि निर्धास्त झाले. पण त्याच नमुन्यावरून आधी भरलेली कार्डं मागांवर तशीच होती. हैदराबादहून आखूड टॉवेलांचे गठ्ठे परत आले. तुम्ही साऱ्या विणकरांसमोर मला उभं केलंत. आवाज चढवला नाहीत. "साचा सुधारलास. त्यातनं निघालेली पोरं कोण सुधारणार?"

मी रडले नाही. सगळी कार्डं काढून बसले, जुनी लांबी असलेली वेगळी केली, दुरुस्त केली. पुढं प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ते कुठल्या नमुन्यावरून निघालं त्याचा नंबर टाकू लागले. नमुना बदलला की कुठली कार्डं तपासायची ते लगेच कळे. पुन्हा तसा माल परत आला नाही. आखूड टॉवेल तुम्ही खानावळींना विकलेत.

त्यानंतर सांगोल्याचे पाहुणे मला बघायला आले. पोरगी घरकाम करते का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "करती. पण आमच्या मागांवर काय आन कसं इणायचं ते हिच्या कार्डांवरनं ठरतंय. लग्नानंतर कामाला येऊ देणार असाल तर पुढं बोलू." ते चहा पिऊन गेले. तुम्ही आईला म्हणालात, "जाऊ दे." वर्षभरानं ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्याच घरात मी आज आहे, आणि काम एक दिवसही सुटलं नाही.

परवा एका मुलीनं टेम्प्लेटमधली पॅकिंगची माहिती बदलली आणि हुश्श करून मागं टेकली. मी तिला तुमच्याच शब्दांत विचारलं. ती हसली, मग जुन्या नोंदी उघडून बसली.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. एवढंच सांगते, अप्पा, तुमचा आवाज आता मला आठवत नाही. तुमची वाक्यं सगळी आठवतात, पण ऐकू येतात ती माझ्याच आवाजात.