छाटलेली डोलकाठी

गोल्ड कोस्ट, शुक्रवार

प्रिय डॅड,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतो?

तुम्ही आखलेल्या छत्तीस फुटी बोटीचं नवं मॉडेल कारखान्यातून निघालं. आत दुसरा संडास, मागे बार्बेक्यू, आणि पुलाखालून जावी म्हणून डोलकाठी चार फूट छाटली. तिची आखूड शिडं मीच शिवली. रुमाल शिवतेय असं वाटून किळस आली. कारखान्याचा मालक ब्रॅडन म्हणतो, "अगं, शिडं बघतंय कोण? लोक धक्क्याला बांधून बिअरच पितात."

बुधवारच्या शर्यतीत ती हलेचना. इंजिन लावून परत आणली. क्लबच्या गच्चीवरून सगळे बघत होते.

नव्या मॉडेलच्या उद्घाटनाचं बोलावणं येईल. बोटीवर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव घातलंय. येऊ नका, डॅड. इकडे उकाडा फार आहे, तुम्हाला सोसवणार नाही.

तुमचीच,
टेसा