कपाळाकडे बघ, तीन मोज

३ मार्च, मंगळ.
प्रज्ञाच्या डॉक्टरबाईंचा फोन झाला. पाऊण तास. डोकं उठलं. पोरगी सत्तावीस वर्षांची, नोकरीवाली, आणि तपासणी कशाची, तर मेंदू वेगळा चालतो का. ऑटिझम म्हणतात. त्यासाठी आईला विचारतात लहानपणी कशी होती. माझं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून मध्ये भाषांतराला एक बाई. मराठीच. डॉ. लाइनवर यायच्या आधी विचारते, "काकू, मूळच्या कुठल्या? आडनाव काय तुमचं?" काकू म्हणे. माझ्याच वयाची असेल. म्हटलं, "नागपूर. आडनाव कागदावर असेल बघा."
मग सगळं चांगलंच सांगितलं. लवकर बोलली, डोळ्यात बघायची, पोरांत खेळायची. पहिला नंबर.

७ मार्च, शनि.
प्र. आली. चपला न काढता दारातूनच, "आई, तू काय सांगितलंस त्यांना?"
डॉ. म्हणाल्या, आईच्या बोलण्यात काहीच सापडत नाही. रिपोर्ट अडला. रिपोर्ट नाही तर ऑफिस तिला त्या गोंगाटातून उठवून वेगळी जागा देणार नाही. दोनदा बाथरूममध्ये जाऊन तास तास बसली, मॅनेजरने लेखी दिलंय. आणखी एकदा झालं की घरी.
मी म्हटलं, "चारचौघांत सांगायच्या गोष्टी आहेत का ह्या?"
"व्हॉट चारचौघं? डॉक्टर आहे ती!"
"आणि ती दुसरी?"
तिला कळलं नाही. इथे अमेरिकेत जन्मली, तिला कसं कळेल. आडनाव ऐकल्यावर समोरचा माणूस जरासा थांबतो ना, ते थांबणं मला फोनवरूनही ऐकू येतं. आपल्याला आधीच कमी धरणारे पुष्कळ. त्यांच्यापुढे पोरीचं उणं मी सांगू?
हे मध्येच म्हणतात, चहा घे गं बाळा. चहा कोण मागत होतं. तशीच गेली.

८ मार्च, रवि.
आजपासून इथली घड्याळं एक तास पुढे, उन्हाळ्याची वेळ. ओव्हनचं मला लावता येत नाही, दर वेळी प्र. लावते. एक तास मागेच आहे ते.
सकाळी बुद्धवंदनेला गेलो, हॉलवर. जय भीम, जय भीम, प्रज्ञा कशी आहे? मस्त. सगळ्यांना मस्तच सांगत आले मी.
त्याच हॉलमधलं आठवलं. लिहवत नाही.

१० मार्च, मंगळ.
लिहिते.
सहा वर्षांची होती. माइक लागला, दीडशे माणसं एका आवाजात म्हणायला लागली, हिने कान गच्च दाबले आणि हुं हुं करत डोलायला लागली. मागच्या बाया बघत होत्या. मी तिचे दोन्ही हात कानावरून ओढले आणि मांडीवर दाबून धरले. वंदना संपेपर्यंत. सोडले नाहीत. तिने फ्रॉक ओला केला. बायांना सांगितलं, पाणी सांडलं.
आणि ते डोळ्यात बघायचं. बघायची कुठे. मीच खांदे धरून शिकवलं. कपाळाकडे बघ, तीन मोज, जय भीम म्हण, मग खाली बघितलंस तरी चालेल. रोज आरशासमोर. चुकली की पुन्हा. पुन्हा.
मलाही मिक्सर लागला की घर सोडून पळावंसं वाटतं. मला कोणी विचारलं? सातवीत शाळा सुटली, कामाला लागले.

१२ मार्च, गुरु.
मीच प्र. ला फोन केला. आधी उचलला नाही. मग उचलला.
"ऑफिसमध्ये म्हणतात, शी इज क्वाएट, इंडियन आहे ना. तुम्ही म्हणता, अमेरिकेत वाढली म्हणून अशी. आई, दोन्हीकडे लोकांकडे आन्सर रेडी आहे. मला कोणी बघतच नाही."
मी विचारलं, "हॉलमधलं आठवतं का तुला?"
"एव्हरीथिंग."
म्हटलं, डॉ. ना विचार, पुन्हा बोलतील का माझ्याशी.

१५ मार्च, रवि.
डॉ. पुन्हा वेळ देतायत. गुरुवारी दहाला. हे म्हणाले, मी सांगतो. म्हटलं, तुम्ही तेव्हा सदा ऑफिसात होता, काय सांगणार? चहा?
प्र. भाषांतर करते म्हणाली, पण घरच्यांनी केलेलं चालत नाही. तीच बाई असणार. प्र. नुसती बाजूला बसणार. मी म्हटलं, नको बसूस. "मी बसणार."

१९ मार्च, गुरु.
झालं.
फोन लागला. "काकू, नमस्कार." मी आधीच आडनाव सांगून टाकलं, मोठ्याने. म्हटलं, आता लिहा. थांबली ती. तेच थांबणं होतं की लाइन अडकली, काय माहीत.
मग सांगितलं. हात धरलेले. फ्रॉक. आरसा. मागच्या वेळी खोटं बोलले, हेही. बाईने जसंच्या तसं इंग्रजीत केलं. फ्रॉकचंही गाळलं नाही. डॉ. नी मध्ये एकदाच विचारलं, किती वर्षं चाललं हे शिकवणं. म्हटलं, ती कॉलेजला जाईपर्यंत.
प्र. टेबलापलीकडे. मी बोलत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे म्हणजे कपाळाकडे. मग खाली. मग पुन्हा कपाळाकडे.
मी फोन तसाच धरून म्हटलं, "नको बघूस. माझ्यापुढे नको." तेही त्या बाईने इंग्रजीत केलं.
रिपोर्ट दोन आठवड्यांनी. मिळेलच असं नाही म्हणाल्या.
प्र. जेवली. वरणभात, वेगळा वेगळा, वाटीला वाटी न लावता, तिला हवा तसा.  माझ्याकडे बघितलं नाही. ताट धुतलं, चावी घेतली, गेली. माझ्यावर राग आहे की नाही, काही कळू दिलं नाही.
आता बघते तर ओव्हनचं घड्याळ बरोबर लावून गेली आहे. कधी लावलं?