आवाजाचा नकाशा

सोमवार, ९ फेब्रुवारी

आले एकदाची. पर्यावरण शिक्षणाचं शिक्षक प्रशिक्षण — पाच दिवस, निवासी. शाळेतून यायला कुणीच तयार नव्हतं. कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्याच. मोकळी! खरंच की.

खोली दोघींची आहे. दुसरी आलीच नाही. तिच्या पलंगावर माझी पिशवी ठेवली. जरा बरं वाटतं, कुणी बसल्यासारखं.

सभागृहात चाळीस शिक्षक आणि प्रत्येकापुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली. पहिलं भाषण — कचरा कमी कसा करावा! शेजारी गणिताचे एक सर बसले होते. उंच, सरळसोट. सगळे त्यांना 'पट्टी सर' म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. बाटलीकडे बघून ते काहीतरी बोलले, आजूबाजूचे हसले. मीही हसले. काय बोलले कोण जाणे. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.

घरी फोन केला नाही. यांनीही केला नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दिवसभर गटकाम. चार्ट, स्केचपेन, डिंक. आमच्या गटाला विषय — शाळेत पाणी कुठून येतं आणि वापरून झालं की कुठे जातं. विषय चांगला. पण सगळे एकदम बोलतात, मला धागाच सापडत नाही. शेवटी चार्टवर लिहायचं काम मागून घेतलं. अक्षर चांगलं असलं की एक बरं असतं, माणसाला कुणी जास्त काही विचारत नाही.

जेवायला कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच.

लेकीचा मेसेज आला. सोबत फोटो — तिने स्वतः केलेली खुर्ची. पाठ अशी सुरेख वळवली आहे की हात फिरवावासा वाटतो. पक्की नोकरी सोडून तिने सुतारकाम धरलं, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हा हे तिला म्हणाले होते, 'रंधाच मारायचा असेल तर माझी मुलगी म्हणवून घेऊ नकोस.' ती गेली ती पुन्हा घरी आली नाही. आणि मी वाट बघत राहिले. हे एक शब्द बोलतील — चुकलं. तिला नाही तर निदान मला. नाही बोलले. मग मीही बोलणं आवरतं घेतलं.

आता एका घरात दोन भाडेकरू.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज लाज गेली.

सकाळी प्रशिक्षिकेने सगळ्यांना इमारतीमागच्या तळ्याकाठी नेलं. पोरगीच आहे ती, माझ्या लेकीएवढी. प्रत्येकाला एक कोरं कार्ड. मधोमध फुली मारायची — ती म्हणजे आपण. मग वीस मिनिटं गप्प बसायचं आणि जो आवाज ज्या दिशेने येईल तिथे त्याची खूण करायची. झाला आवाजाचा नकाशा. मुलांना बाहेर नेऊन हाच खेळ घ्या, म्हणाली.

बसले. पंपाची घरघर. रस्त्यावरून एक ट्रक. संपलं. बाकीच्यांची पेनं भराभर चाललेली. म्हटलं, थांबू अजून. इतकी झाडं, इतकं पाणी — आणि काहीच कसं नाही?

शेजारी पट्टी सरांचं कार्ड दिसलं. दोन पक्षी, पानांची सळसळ, लांब एक कुत्रा, खालच्या कोपऱ्यात बेडूक. सगळं उतरवून काढलं. अठ्ठावीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या, कॉपी करणाऱ्यांचे पेपर काढून घेतले. आणि आज हे!

कार्डं भिंतीवर लागली. प्रशिक्षिकेने सहज विचारलं, बेडूक कुणी ऐकला? पट्टी सर उभे राहिले. म्हणाले, मॅडम, खरं सांगतो, माझा डोळा लागला होता. बेडूक मनानेच टाकला. हशा पिकला. मग तिची नजर पलीकडच्या कार्डावर गेली. तोच बेडूक. त्याच कोपऱ्यात. खाली माझं नाव, वळणदार अक्षरात.

ती पुढच्या कार्डाकडे वळली. तेच जास्त लागलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळीच पिशवी भरली होती. तब्येतीचं कारण सांगून निघायचं ठरवलं. पण पाय तळ्याकडे गेले. बाकावर बसले होते तर प्रशिक्षिका अचानक समोर येऊन उभी. म्हणाली, 'बाई, मी मागून तीनदा हाक मारली.'

लक्ष नव्हतं, म्हटलं.

ती मागे जाऊन उभी राहिली. परत पुढे आली. 'आत्ता मी काय बोलले?'

काय सांगणार! मला वाटलं ती गप्पच उभी होती.

'मी विचारलं, तो पक्षी तुम्हाला ऐकू येतोय का. तुमच्या डोक्यावर आहे.'

वर पाहिलं. होता. एवढासा. चोच उघडत होता, मिटत होता, गळा थरथरत होता. आणि मला काहीही नाही. काचेपलीकडून बघावं तसं.

तिच्यासमोर रडले. लेकीएवढ्या पोरीसमोर. तिने समजूत वगैरे घातली नाही. एक कोरं कार्ड हातात दिलं. तुम्हाला ऐकू येतं तेवढंच काढा, म्हणाली.

पंप काढला. ट्रक काढला. बाकी सगळं कोरं.

दुपारी ते कार्ड मी स्वतः भिंतीवर लावलं. सांगितलं, हा माझा खरा नकाशा, कालचा सरांचा होता. मला ऐकू येत नाही आणि हे मलाच आज कळलं. कुणी हसलं नाही. पट्टी सर तेवढे म्हणाले, 'माझी कॉपी करून आजवर कुणी पास झालेलं नाही, बाई.' आणि आपली खुर्ची उचलून माझ्यासमोर आणून ठेवली.

भाषेच्या एक बाई जवळ आल्या. दोन दिवस त्या मला जेवायला त्यांच्यात बोलावत होत्या म्हणे. मी सरळ पुढे निघून जायचे. त्यांना वाटलं, ही शिष्ट आहे.

आज सात जणींच्या टेबलावर जेवले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रमाणपत्र मिळालं. निघताना सगळ्यांनी मुद्दाम समोर येऊन निरोप घेतला.

घरी पोचले. यांच्या हातातला पेपर खाली झाला, परत वर गेला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

कानांची तपासणी. एकटीच गेले. काचेची बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. किती तरी वेळ दाबलंच नाही. यंत्र बिघडलंय वाटलं. यंत्र ठणठणीत होतं.

तपासणाऱ्या बाई समोर बसून सावकाश बोलल्या. जाडे आवाज राहिलेत, बारीक गेलेत. समोरच्याचे ओठ मी वाचते, नकळत, आणि छान वाचते. कुणी मागून हळू बोललं तर मात्र माझ्यापर्यंत काही पोचत नाही. कधीपासून असेल, विचारलं. चार-पाच वर्षं तरी, म्हणाल्या.

चार-पाच! शेवटच्या बाकावरची पोरं आठवली. उत्तर देत नाहीत, पुटपुटतात, म्हणून कितीदा उभं केलं त्यांना.

यांना सांगितलं नाही. सांगायचं तर आधी बोलायला सुरुवात कुणीतरी करायला हवी.

सोमवार, २ मार्च

शाळेत नववीच्या वर्गाची माफी मागितली. पोरं गोंधळली. काहींना मजा वाटली. मागून एक हात वर आला. त्याच्याजवळ चालत गेले.

शनिवार, १४ मार्च

यंत्रं बसवली, दोन्ही कानांत. केसांखाली झाकली जातात. माझ्याच चपला एवढा आवाज करतात? कागद तर कडाडतो! डोकं दुखतंय. सवय होईल, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

रविवार, १५ मार्च

सकाळी ओट्याशी भांडी घासत होते. मागून आवाज आला — 'अजून किती दिवस गं?'

वळले. हे दारात उभे. मी वळले म्हणून दचकलेच.

कसले दिवस, विचारलं.

म्हणाले, 'ती गेली त्याच आठवड्यात इथेच उभं राहून तुला म्हटलं होतं, माझं चुकलं. एकदा नाही, चारदा म्हटलं. तू मान वर केली नाहीस.'

नळ बंद केला.

'परत म्हणा,' म्हटलं.